हाताला कळणारा इतिहास

शाळेची सहल म्हटली की अजूनही माझ्या डोळ्यांसमोर एकच दृश्य येतं. आम्ही सातवीत असू. एका गडावर आम्हाला नेलं होतं. पुढे शिट्टी घेतलेले पी.टी.चे सर, मागे डबे सांभाळणाऱ्या बाई आणि मध्ये आमची दोन-दोनची रांग. प्रत्येक दरवाजापाशी रांग थांबायची. गाईड एका दमात सनावळी म्हणायचा, आम्ही गुडघ्यावर वही ठेवून ती उतरवून घ्यायचो आणि रांग पुढे सरकायची. घरी आल्यावर 'माझी सहल' हा निबंध लिहायचा. त्यात 'आम्हाला खूप मजा आली' हे वाक्य सर्वांच्या वहीत सारखंच असे. त्या गडाबद्दल आज मला एवढंच आठवतं, की एका टाक्याचं पाणी विलक्षण गार होतं. कारण तेवढ्या एकाच गोष्टीला मी हात लावला होता.

पुढे मीच इतिहासाचा शिक्षक झालो. पुण्याच्या उपनगरातल्या एका मराठी शाळेत वीस-बावीस वर्षं शिकवतो आहे. मुलांना नेताना त्या गार पाण्याची आठवण ठेवायची, एवढं मी पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं. मुलांनी ऐकायचं कमी आणि करायचं जास्त. दोरी घेऊन मोजायचं, पायऱ्या चढताना उंची लिहायची, टाक्यात किती पाणी मावेल याचं गणित जागेवरच मांडायचं. यात माझं मोठंसं डोकं नव्हतं. हातांनी शिकणं आपल्याकडे नवीन नाहीच. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला मुलांच्या हातांवर केवढा विश्वास टाकला! आणि दिवाळीत अंगणात दगड-मातीचा किल्ला करणारं प्रत्येक पोर हेच करत आलं आहे. बुरूज ढासळला की तो पुन्हा कसा उभा करायचा, हे त्याला कुठल्या पुस्तकानं सांगितलेलं नसतं.

पण या हातांनीच एकदा मला चांगलं अडचणीत आणलं. ती गोष्ट सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहे.

आठवीच्या वर्गाला गडावर न्यायचं होतं. गडाचं नाव सांगत नाही. जाण्याआधी आठवडाभर वर्गात तयारी चालली होती. गडावरची टाकी खडकात खोदलेली असतात. खोदताना निघालेला दगड तटाबुरुजांच्या बांधकामाला येतो आणि उरलेल्या खड्ड्यात पाणी साठतं. एका कामात दोन कामं. हे नुसतं सांगून भागत नाही. म्हणून मी प्रत्येकाला कपड्याच्या साबणाची एक वडी आणि एक खिळा दिला. या साबणात टाकं खोदा, मध्ये एक खांब ठेवा, आणि एकच अट : मोडलेला तुकडा परत चिकटवायचा नाही.

वर्गात तासभर शांतता होती. मग एकेकाचे खांब मोडू लागले. "सर, दुसरी वडी द्या ना." मी म्हटलं, "त्यांना दुसरा डोंगर मिळाला असता का?" हळूहळू मुलांच्या लक्षात आलं, की खालून सुरुवात केली तर वरचा भाग अंगावर येतो, आधी वरचं कोरून घ्यावं आणि मग खाली उतरावं. आपल्याकडची लेणी अशीच वरून खाली कोरत आणली आहेत. छत आधी पुरं होतं, त्यामुळे मचाण बांधावं लागत नाही. वेरूळचं कैलास हे याचंच सर्वांत मोठं उदाहरण. मुलांना हे मी सांगण्याआधी साबणानं सांगितलं होतं. मी खूश होतो.

आठवड्यानं गडावर गेलो. "हात लावून बघा, मोजून बघा," असं मी दिवसभर सांगत होतो. परतताना हजेरी घेतली तर एक मुलगा कमी. मागे जाऊन पाहिलं तर हा टाक्याशेजारच्या कातळाशी बसलेला. वर्गातला खिळा त्यानं खिशात जपून ठेवला होता. आपलं नाव पूर्ण कोरून झालं होतं, आडनाव चाललं होतं. मला पाहून तो दचकलासुद्धा नाही. उलट कौतुकानं म्हणाला, "सर, साबणापेक्षा लई कडक आहे."

मी त्याला काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण बसमध्ये माझा राग उतरला आणि दुसरंच काही टोचायला लागलं. दिवसभर 'हात लावा' म्हणणारा मी. खिळा देणारा मी. दगडात कोरणं हे किती मोठं काम आहे हे सांगणाराही मीच. या पोरानं माझा धडा जरा जास्तच मनावर घेतला होता, एवढाच त्याचा गुन्हा. कशाला हात लावायचा नाही आणि का नाही, हे मी कधी शिकवलंच नव्हतं.

तसा कायदा कडक आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण तेरा वर्षांच्या मुलाला कायद्याचं कलम वाचून दाखवून काय होणार? गडावरच्या पहारेकऱ्याला मी घडलेलं सांगितलं, शाळेच्या वतीनं माफीचं पत्र दिलं. शिक्षकांच्या खोलीत अर्थातच बोलणी खाल्ली. "हातात खिळे दिल्यावर दुसरं काय होणार?" एक सहकारी म्हणाले, "पुढच्या वर्षी वॉटर पार्कला नेऊ. तिथं मुलं खूश, पालक खूश, आणि मोडायला काही नाही."

त्या मुलाच्या वडिलांना शाळेत बोलावलं. ते गवंडी. कामावरूनच आले होते, हाताला सिमेंट लागलेलं. सगळं ऐकून घेतलं आणि मान खाली घालून म्हणाले, "सर, मी रविवारी जातो नि सिमेंट लावून बुजवून देतो. कळणारसुद्धा नाही." त्यांचा हेतू चांगला होता. मी त्यांना म्हटलं, तसं करता येत नाही. संरक्षित वास्तूला आपण आपल्या मनानं काही लावू शकत नाही. शिवाय जुन्या दगडा-चुन्याला सिमेंट सोसत नाही. ते घट्ट बसतं, आतली ओल बाहेर पडू देत नाही, आणि कडेचा जुना भागच आधी ठिसूळ होतो. त्यांनी क्षणभर विचार केला. म्हणाले, "बरोबर आहे. जुन्या वाड्याच्या कामावर आमचा म्हातारा हेच सांगायचा. चुन्याला चुनाच लागतो." मग मुलाकडे वळून म्हणाले, "बघ, माझ्याच्यानं पण दुरुस्त होत नाही." माझ्या रागावण्यानं जे झालं नव्हतं ते या एका वाक्यानं झालं. मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. आपले वडील कुठलीही भिंत नीट करू शकतात, असं त्याला तोवर वाटत असावं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा साबण काढला. यावेळी सगळ्या वर्गाला सांगितलं, वडीवर एक रेघ मारा. मारली. आता ती पुसा. बोटानं घासून पाहिलं, पाणी लावून पाहिलं. शेवटी एकीच्या ध्यानात आलं : रेघ घालवायची तर रेघेइतक्या खोलीपर्यंत सगळी वडीच तासावी लागेल. "म्हणजे सर, दगडावरचं नाव घालवायचं तर सगळा दगड तासायचा?" होय, तेवढाच. वर्गात त्यानंतर कोणी बराच वेळ काही बोललं नाही. एकट्या त्या मुलाकडे बघायचं सगळ्यांनी टाळलं, हे मला फार आवडलं.

पुढच्या वर्षी हाच वर्ग नववीत गेला. मी भाजे आणि कार्ले ठरवलं. मळवली स्टेशनच्या एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला रस्ता ओलांडून कार्ले. एका दिवसात दोन्ही होतात. परवानगीचे कागद, पालकांची संमतीपत्रं, एस.टी.चा प्रासंगिक करार हे सगळं ओघानं आलंच. २०१६ साली मुरूडच्या समुद्रात विद्यार्थी बुडाले, त्यानंतर सहलींचे नियम फार कडक झाले. शिक्षक कुरकुरतात, पण ती भीती खोटी नाही. प्रश्न फक्त एवढाच, की जोखीम नको म्हणून आपण मुलांना कुठवर बंद ठेवायचं.

'त्या' मुलाला न्यायचं की नाही, यावरही चर्चा झाली. नेऊ नये असंच बहुतेकांचं मत होतं. मी मुख्याध्यापकांना म्हटलं, "तो येणार नसेल तर सहलीची गरजच काय?" त्यांनी परवानगी दिली, पण जबाबदारी माझी म्हणून. मी त्याच्यावर एक काम सोपवलं : घरून वडिलांचा ओळंबा आणायचा.

यावेळी नियम आधीच फळ्यावर लिहिला होता. दोरी, फूटपट्टी, कोनमापक, वही यांना हात. दगडाला, लाकडाला फक्त डोळे. का, ते साबणानं शिकवून झालं होतंच.

भाज्याची लेणी बावीस. सर्वांत मोठं ते चैत्यगृह, इसवीसनापूर्वीचं. त्याची दर्शनी बाजू एके काळी लाकडाची होती. ते लाकूड केव्हाच गेलं, पण ते बसवण्यासाठी दगडात केलेली खोबणी अजून आहेत. मुलांना मी विचारलं, ही भोकं कशाची? उंदरांपासून बंदुकीपर्यंत सगळी उत्तरं आली. मग म्हटलं, ओळंबा काढ. मुलानं एका अष्टकोनी खांबापासून वीतभर अंतर राखून दोरी सोडली. शिसं हलायचं थांबलं. दोरी सरळ, खांब मात्र वर जाताना आत झुकलेला. "सर, खांब पडतोय!" सगळे जवळ आले. दोन हजारांहून जास्त वर्षं तो पडलेला नाही हे उघड होतं. मग तिरका का?

उत्तर त्या ओळंब्याच्या मालकानंच शोधलं. लाकडी मांडवाचे वासे बाहेरच्या बाजूला रेटा देतात, म्हणून त्याला टेकू देताना खांब आत कलता ठेवतात. कोरणाऱ्यांना ओळख होती ती लाकडी घरांची. दगडाला त्याची गरज नव्हती, तरी हातांना सवय तीच. छताला लाकडी फासळ्याही बसवलेल्या. दगडाच्या छताला त्यांचा काडीचा आधार नको. पण त्यांच्याशिवाय त्या लोकांना घर घरासारखं वाटलं नसावं.

दुपारी कार्ल्याला गेलो. पायऱ्यांवर एकवीरेच्या दर्शनाला आलेल्या कोळी मंडळींची गर्दी होती. आधी मुलांनी देवीला नमस्कार केला आणि मग चैत्यगृहात शिरली. आणि चक्क गप्प झाली. आपल्याकडच्या कोरीव चैत्यगृहांत हे सर्वांत मोठं. दोरीनं लांबी मोजली तर साधारण अडतीस मीटर भरली, पुस्तकातल्या आकड्याच्या अगदी जवळ. उंचीसाठी कोनमापकाला दोरा आणि नट बांधून मुलांनी साधन केलं होतं : पंचेचाळीस अंशांचा कोन जिथं येईल तिथं उभं राहायचं, तिथपर्यंतचं अंतर मोजायचं आणि त्यात आपल्या डोळ्यांची उंची मिळवायची. एका गटाचं उत्तर तेरा मीटर आलं, दुसऱ्याचं पंधरा. खरी उंची सुमारे चौदा मीटर. दोन्ही गट आपलंच बरोबर म्हणून भांडत होते. भूमितीच्या तासाला असं भांडण मी कधी ऐकलेलं नाही.

खांब मोजले. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा, स्तूपाच्या मागे सात, एकूण सदतीस. पुन्हा ओळंबा सोडला. इथले खांब सरळ! भाज्याहून कार्ल्याला येईपर्यंत दीड-दोन शतकं गेली होती, आणि दगडाला दगडासारखं वागवता येतं हे तेवढ्यात कारागिरांना कळलं होतं. हा फरक मी वर्गात दोन ओळींत सांगू शकलो असतो. पण मग तो परीक्षेपुरता राहिला असता.

आता शेवटचं काम उरलं होतं : लेख. वर्गात आम्ही ब्राह्मीची थोडी अक्षरं गिरवली होती. प्रत्येकानं वहीत आपलं नाव ब्राह्मीत लिहिलं होतं. इथल्या लेखांची छापील प्रत हातात देऊन मी म्हटलं, ओळखीची अक्षरं शोधा. कार्ल्याच्या लेखांत राजेरजवाड्यांपेक्षा साध्या माणसांचीच गर्दी आहे. खांब देणारे धेनुकाकटचे यवन आहेत. ते गाव नेमकं कुठलं यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. सुगंधी द्रव्यं विकणारा सिंहदत्त आहे. त्यानं दार दान दिलं. वैजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीचा, भूतपाल श्रेष्ठी आहे. हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम आहे, असं तो अभिमानानं सांगतो. आणि एक आहे वेणुवासाचा मुलगा सामी. तो वढकी. त्यानं दार घडवलं.

"वढकी म्हणजे?" मी विचारलं. मूळची विदर्भातली एक मुलगी पटकन म्हणाली, "सर, वाढई! आमच्या गावाकडं सुताराला वाढई म्हणतात." दोन हजार वर्षांपूर्वीचा शब्द तिच्या आजोळी अजून बोलला जातो. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. मला मात्र त्या गर्दीत क्षणभर काही सुचेना.

सुताराचं नाव दगडावर का, यावर मुलांत बरीच चर्चा झाली. शेटजीचं असतं, राजाचं असतं, पण कारागिराचं? माझा ओळंबेवाला त्या चर्चेत नव्हता. थोड्या वेळानं जवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, त्यानं आधी दार केलं ना? मग नाव टाकलं." मी 'हो' म्हटलं. याहून जास्त बोलायची ती वेळ नव्हती.

अशी एक सहल म्हणजे फार मोठी गोष्ट नव्हे, हे मला ठाऊक आहे. चाळीस मुलांतली चार-पाचच मनापासून रमली असतील. बाकीच्यांचं लक्ष मक्याच्या कणसांकडे होतं. पण सहलीनंतर त्यांनी वहीत 'न कळलेलं' म्हणून जे लिहिलं, ते मी जपून ठेवलं आहे. यवन इथं बोटीनं आले की चालत? सामीला मजुरी किती मिळाली असेल? रात्री लेण्यात दिवा कसला लावायचे? एखादा खांब अर्धा झाल्यावर तुटला तर कोणाला रागावायचे? यांतल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे नाहीत, आणि तसं मी त्यांना सांगूनही टाकलं. 'खूप मजा आली' हे वाक्य यावेळी दोघा-तिघांच्याच वहीत सापडलं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवावेत असं म्हटलं आहे. २०२५ च्या जुलैत रायगड, शिवनेरी, सिंधुदुर्गसह मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. यांतले अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. आनंदाची गोष्ट आहे. आता सहलींच्या गाड्या तिकडे वळतील. पण तिथं नेऊन मुलांना पुन्हा रांगेत उभं करून सनावळीच उतरवून घ्यायला लावली, तर युनेस्कोही काही करू शकणार नाही. आणि नुसतं 'हात लावा' म्हणून सोडलं, तर काय होतं ते मी पाहिलं आहे. हाताला आधी वर्गात काम द्यावं लागतं. साबण मोडलेल्या हातालाच दगड जपावासा वाटतो.

त्यासाठी दर वेळी लांबही जावं लागत नाही. आपल्या गावाची वेस, एखादी बारव, देवळाबाहेर पडलेले वीरगळ पुष्कळ आहेत. वीरगळ खालून वर वाचायचा असतो : खाली लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. एवढं एकदा सांगितलं, की पोरं गावातले सगळे वीरगळ शोधून काढतात. बारवेच्या पायऱ्या मोजायला दोरी पुरते. खर्च काहीच नाही. शिक्षकाला मात्र आठवडाभर आधी घाम गाळावा लागतो, आणि चूक झाली तर ती आपली म्हणावी लागते.

त्या दिवशी कार्ल्याहून निघताना मी नेहमीप्रमाणे हजेरी घेतली. सगळे होते. तो मुलगा पायरीच्या कडेला उभा राहून ओळंब्याची दोरी गुंडाळत होता. शेजारच्या कातळावर कोणी तरी बाण मारलेलं बदाम आणि दोन नावं कोरलेली होती. त्यानं ती वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सर, माझं तिथं अजून असेल ना?"

"असणार."

"किती दिवस राहील?"

सामीचं दोन हजार वर्षं राहिलं होतं. ते त्यानं नुकतंच पाहिलं होतं. मी काही बोललो नाही. त्यानं दोरी नीट गुंडाळली, ओळंबा खिशात ठेवला आणि गाडीकडे चालू लागला.